भागीरथेच्या थायलंडी फिती

भागीरथेचं नाव काढलं का आमच्या सिंदेवाहीत लोकं पयले हासतात. 'थायलंडी भागीरथा' म्हणतात तिले. म्हणू द्या. पण त्या हासणाऱ्याईच्या बत्तिशीत मले एक दिवस झारा घालाचा हाये, हे आधीच सांगून ठेवते. मी खैरुन. जाफर साऊंडवाल्याची बायको. आमच्या अन् भागीरथेच्या घराच्या मधात एक कुडाची भिंत हाये, ती पण अर्धी पडलेली. तिच्या चुलीवर काय शिजून राह्यलं ते मले माह्या घरी बसून कळते. म्हणून ही गोष्ट मी सांगते. बाकीच्याईनं सांगतली तं अर्धी खोटी अन् अर्धी आचरट सांगतीन.

भागीरथेच्या हाताले दोन गोष्टीचं वरदान होतं. एक वांग्याची भाजी अन् दुसरे तांदळाचे पापड. भाजी म्हणजे तर्रीची. आमच्याकडं पाहुण्याच्या वाटीत लाल तेलाचा थर तरंगला नाई तं पाहुणा जेवते, पण गावी जाऊन सांगते का पाणीच वाढलं. भागीरथेची तर्री असी का खाणाऱ्याच्या कानातून धूर निघे अन् तो वाटी पुन्हा पुढं करे. लग्नाचा सीजन आला का तिले बोलावण्यावर बोलावणं. नवरा राइस मिलात हमाली करे, घर चाले दोघाईच्या हातावर. पण बाईले घराचा तोरा नव्हता, हाताचा होता. 'माह्या हातचं खाऊन कोणी उपाशी उठला नाई,' हे ती दिवसातून एकदा तरी म्हणे.

नव्याण्णव साल असन. बुद्धपौर्णिमेले विहारात थायलंडचे भन्तेजी आले. म्हातारे, अंगानं काडी, तोंडभर हासणारे. आलापल्ली अन् मुलचेऱ्याकडच्या खेड्यायनी पंधरा-वीस दिवस फिरून आमच्याकडं आले होते. संगं त्याईच्याच देशातली एक बाई, पांढऱ्या कपड्यातली, अन् नागपूरचे एक भन्तेजी. या नागपूरच्या भन्तेजीले तिकडची भाषा येत होती, म्हणून बोलणं होये. भोजनदानाचा मान भागीरथेले भेटला. मंग काय इचारता! बाई पहाटपासून चुलीम्होरं. अशी तर्री आणली का तशी तिनं कोणाच्या लग्नात पण आणली नसन. भिक्खूच्या पात्रात जे पडलं ते नाई म्हणाचं नसते. भन्तेजीनं सारं खाल्लं, बोटं चाटून.

अन् संध्याकाळी त्याईले उलट्या सुरू झाल्या. अंग तव्यासारखं तापलं.

झालं! उलटी म्हणजे भाजीच, दुसरं काय? कोणी डॉक्टर होण्याची गरजच नाई. रातोरात साऱ्या गावानं निकाल लावला का भागीरथेच्या तर्रीनं भन्तेजी पाडले.

सकाळी ती थायलंडची बाई घरोघरी काई हलकं खाणं शोधत शोधत भागीरथेच्या अंगणात आली. भागीरथेचं तोंड उतरलेलं, पण कोणाच्या तरी पापडाचं पीठ भिजवलेलं होतं, ते काई थांबत नाई, म्हणून रडत रडत पापड करून राह्यली होती. आमचे पापड वाफेचे. वाटलेल्या तांदळाचं पातळ पीठ ताटलीवर पसराचं, उकळत्या पाण्याच्या गंजावर ताटली ठेवाची, पापड शिजला का कड सोडवून लुगड्यावर वाळू घालाचा. त्या बाईनं लुगड्यावरचा एक ओला पापड उचलला, उजेडात धरला अन् असी हासली जशी परक्या बाजारात माहेरचं माणूस भेटलं. तिनं तो गुंडाळला, विळी मांगतली अन् कापला. उलगडला तं लांब लांब पांढऱ्या फिती!

मंग तिनं हाताच्या खुणेनं एक एक मांगतलं. पत्ताकोबी, गाजर, पातीचा कांदा, मोड आलेले मूग. कढईत तेल किती? पोराच्या टाळूले लावतो तेवढं. लसूण टाकला, भाज्या टाकल्या, कचकच राहू देल्या, अन् वरून फिती. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. उतरवल्यावर शेंगदाण्याचा कूट अन् लिंबू. भागीरथा डोळे फाडून पाहत होती. मी भिंतीवरून. भन्तेजीनं त्यातलं वाटीभर खाल्लं अन् ते पोटात राह्यलं. पण ताप काई उतरे ना, म्हणून थोड्या वेळानं आदेशनं जीप काढली अन् त्याईले नागपूरले नेलं. आदेश म्हणजे विहार समितीचा अध्यक्ष, पांढरी पँट घालून फिरते तो.

भन्तेजी गेले, पण बोलणं राह्यलं. लग्नाच्या घरी नाव निघालं का कोणी तरी म्हणे, 'नको बा, तिच्या हातचं खाऊन साधू दवाखान्यात गेला, आपले सोयरे काय चीज.' दुसऱ्या सीजनले तिले फक्त पोळ्या लाटाले बोलावलं. भागीरथेले! मी तं त्या घरच्या बाईसंगं दोन महिने बोलली नाई. भागीरथा मात्र कोणाले काई म्हणे ना. तिले स्वतःलेच पटलं होतं. त्याचाच मले जास्त राग. मी म्हणो, 'अवो, तिकडं एवढी पंगत बसली होती, बाकी कोणाले काऊन नाई झालं?' तं म्हणे, 'बाकीच्याईले सवय हाये. भन्तेजीचं पोट हलकं. माह्या हातानं झालं, खैरुन.'

अन् तिनं मनात एक गाठ बांधली. भन्तेजी पुन्हा येतीन. तेव्हा ती त्याईले त्याईच्या देशाचं हलकं जेवण आपल्या हातानं खाऊ घालीन. पोटभर. ते हासत उठले का तिच्या हाताचा डाग धुतला गेला.

चार वर्षं बाई त्याच्या मांगं लागली. सांगून करणं वेगळं, पाहून करणं वेगळं. नव्या तांदळाच्या फिती कढईत गेल्या का खळ होये. जुना तांदूळ घेतला तं पापड तडके. मंग जुन्यात थोडा नवा मिसळून पाहिला, पीठ रातभर ठेवून पाहिलं, ताटलीले तेलाऐवजी पाणी लावून पाहिलं. चिंच जास्त झाली का माहे दात आंबत. हो, चाखणारी मीच. माह्या नवऱ्यानं पयल्या दिवशी ताट पाहिलं अन् म्हणला, 'हे गांडूळं तुमी दोघी खा.' तिच्या नवऱ्यानं एक घास घेऊन इचारलं का यावर भाजी कधी येते.

पण मी खरं सांगते, मले त्याची चटक लागली. मले त्याच सालात शुगर निघाली होती. डॉक्टर म्हणे तेल बंद, गोड बंद, भात कमी. खुदा कसम, जेवणावरून जीवच उडाला होता. अन् मंग भागीरथा भिंतीवरून वाटी देये. ती भाजी दाताखाली कचकच वाजे, फिती जिभेवरून सरकत, वरून लिंबाचा वास, मधात शेंगदाण्याचा कण. खाऊन उठलं तं पोट असं का खाल्लंच नाई, अन् मन असं का लय खाल्लं. गुळाचा खडा ती माह्यासाठी कमी टाके. दर शुक्रवारी ती करे, अन् मी वाटच पाहो. नमाज झाली का कान भिंतीकडं. चार वर्षांत बाईचा हात असा बसला का मले वाटे, ती थायलंडची बाई आता आली तं हिच्याकडून शिकून जाईन.

दोन हजार तीनच्या थंडीत बातमी आली. थायलंडहून बुद्धाची मोठी मूर्ती येऊन राह्यली, अन् तेच म्हातारे भन्तेजी ती बसवाले येणार. भागीरथा विहारात समितीच्या बैठकीले गेली. मी पण गेली, तिच्या मांगं. ती म्हणली, 'गावजेवण तुमच्या आचाऱ्याले करू द्या. मी फक्त भन्तेजीचं ताट करीन.'

आदेशनं पायावर पाय टाकला अन् दात काढले. 'काकू, पुन्हा नागपूरची जीप काढा लागन का?'

सारे हासले. भागीरथा खाली पाहून उभी. मी म्हणली, 'जीप तुह्यासाठी काढा लागन, आदेश, जास्त दात काढशीन तं.' मंग तो म्हणला, 'बरं बरं, करा. पण बाराच्या आत.'

हे बाराचं समजून घ्या. दुपारचे बारा वाजले का भिक्खूच्या तोंडात घास जात नाई. पाणी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काईच नाई. हे मले कोणाले समजवा लागलं नाई. आमी रोजेवाल्या बाया. पहाटच्या सहरीच्या जेवणाची वेळ गेली म्हणजे गेली, मंग हातातला घास पण खाली ठेवा लागते. घड्याळाची इज्जत काय असते ते आमाले इचारा. त्या आदेशले नाई.

पत्रिकेत भोजनदान अकराले छापलं होतं. त्या दिवशी भागीरथेनं विहाराम्होरच्या मांडवामांगं चूल मांडली. फिती पहाटेच कापून ओल्या फडक्यात ठेवल्या, भाज्या चिरून ठेवल्या. हे जेवण वाट पाहणारं नाई. कढईतून निघालं का ताटात, ताटातून तोंडात. अकरा वाजाले आले तसी तिनं कढई चढवली. ताट वाढलं, वरून लिंबू पिळलं, पदरानं झाकलं अन् मांडवाच्या तोंडाशी गेली.

आदेशनं आडवा हात केला. 'थांबा काकू. पाहुणे यायचे हायेत. भोजनदान पाहुण्याईच्या हस्ते होईन. चंद्रपूरहून फोटोवाला बोलावला हाये.'

पाहुणे म्हणजे कोणते तरी मोठे पुढारी. त्याईची गाडी निघाली, गाडी मूलले पोचली, गाडी चहाले थांबली. पाऊण तास गाडीचीच बातमी. भागीरथा ताट धरून उभी. फिती थंड होऊन एकमेकीले चिकटल्या. ती वापस आली, ते ताट बाजूले सारलं अन् दुसऱ्यांदा कढई चढवली. फिती आता एकाच खेपेच्या उरल्या होत्या. नागपूरचे भन्तेजी दोनदा उठून आदेशजवळ गेले, घड्याळ दाखवलं. आदेश हात जोडे अन् म्हणे, 'बस भन्तेजी, पाच मिनिटं.' आमच्याकडं पाच मिनिटं म्हणजे काय असते ते अल्लालेच ठाऊक.

अन् आले एकदाचे पाहुणे. मले वाटलं, चला, सुटलो. तं आदेशनं त्याईले सरळ माइकवर नेलं!

पाहुणे बोलाले लागले. बुद्ध कमी अन् स्वतः जास्त. मी जाफरजवळ गेली. तो आपल्या मशीनीजवळ बसला होता. म्हणली, 'अजी, वायर काढा.'

'पागल झाली काय? माहा धंदा हाये.'

'तिकडं म्हातारा मानूस उपाशी राहीन. काढा म्हणते ना!'

माहा नवरा भित्रा हाये, पण वाईट नाई. त्यानं इकडं तिकडं पाहिलं अन् पायानंच वायर ओढली. माइक मेला. मी मनात म्हणली, आता बस खाली बाबा. तं ते पाहुणे हासले अन् म्हणले, 'हरकत नाई! मी खेड्यातला मानूस हाये, मले माइकची गरज नाई!' अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मले तं वाटलं एकेकाले उठवून घरी पाठवावं. बिनमाइकचं भाषण माइकवाल्यापेक्षा जास्त चाललं.

व्यासपीठावर नागपूरच्या भन्तेजीनं एकदा घड्याळ पाहिलं अन् म्हाताऱ्या भन्तेजीच्या कानात काई सांगतलं. म्हाताऱ्याईनं मान हलवली अन् आपल्या पात्रावर झाकण ठेवलं. मी ते पाहिलं. भागीरथेनं पण पाहिलं. तिच्या हातात दुसरं ताट होतं, वाफ निघत होती.

भाषण सरल्यावर फोटोवाला पुढं धावला. नागपूरच्या भन्तेजीनं हात जोडून सांगतलं, 'माफ करा, वेळ निघून गेली आहे. आता आम्हाला घेता येणार नाही.' आदेश म्हणे, 'दोन-चार मिनिटानं काय होते भन्तेजी?' मी म्हणली, 'डब्यात भरून देतो, सकाळी खातीन.' तं भन्तेजी म्हणले, 'ताई, दान साठवून उद्यासाठी ठेवता येत नाही. आणि आम्ही आता लगेच नागपूरला निघतो.' म्हणजे तो रस्ता पण बंद.

आदेशले काय, त्याले पाहुणा जेवला म्हणजे झालं. त्यानं भागीरथेच्या हातातलं ताट घेतलं अन् पाहुण्याम्होरं ठेवलं. पाहुण्यानं फिती बोटानं उचलून पाहिल्या. 'हे काय, शेवया? यावर तर्री नाई काय?' तसा वाढणारा पोट्टा बादली घेऊन आला अन् आचाऱ्याच्या वांग्याच्या भाजीची लाल तर्री, एक मोठा डाव, फितीवर ओतली. पाहुणे म्हणले, 'आता बरं!' चार वर्षं, बाई माये! चार वर्षं अन् एक डाव.

भागीरथा सरळ म्हाताऱ्या भन्तेजीम्होरं गेली, तीनदा वाकली अन् गुडघ्यावर बसली. नागपूरच्या भन्तेजीले म्हणली, 'त्याईले सांगा, मागच्या खेपेले माह्या भाजीनं त्याईले तरास झाला. मले आज ते भरून द्याचं होतं. नाई जमलं. मले माफ करा म्हणा.'

नागपूरचे भन्तेजी तिच्याकडं पाहतच राह्यले. 'कोणत्या भाजीनं, ताई?'

'वांग्याच्या. दवाखान्यात न्या लागलं ना त्याईले.'

'अहो, त्यांना हिवताप झाला होता! नागपुरात रक्त तपासलं, डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. जंगलात डास चावले त्याचा. तुमच्या भाजीचा काय संबंध?'

त्याईनं म्हाताऱ्याईले सारं समजावून सांगतलं. म्हाताऱ्याईनं पयले डोळे मोठे केले, मंग ते हासले, अन् हासता हासता त्या बादलीकडं बोट दाखवून काई बोलले. नागपूरचे भन्तेजी सांगाले कचरत होते. मी म्हणली, 'सांगा ना, काय म्हणतात?'

'ते म्हणतात, त्यांच्या गावाकडं याच्यापेक्षा तिखट खातात. मागच्या वेळची ती लाल भाजी त्यांनी तिकडं जाऊन सगळ्यांना सांगितली. आज सकाळपासून ते वाट पाहत होते, की ती बाई ती भाजी घेऊन येईल.'

म्हणजे काय झालं ते समजलं का तुमाले? म्हाताऱ्याले हवी होती तर्री, अन् बाराच्या आत त्याले ना तर्री भेटली ना फिती. दोन्ही सांडलं. अन् ते तरी हासतच होते, हात वर करून आशीर्वाद देत होते.

भागीरथा उठली अन् आदेशकडं वळली. 'तुले माहीत होतं?'

'काय काकू?'

'हिवतापाचं. जीप घेऊन तूच गेला होता.'

'हो. म्हणजे... ते तं समितीत साऱ्याईलेच माहीत होतं.'

'मंग मले काऊन नाई सांगतलं?'

'अवो, त्यात सांगण्यासारखं काय? ते बरे झाले, वापस गेले. अन् तर्रीचं तं आमी मजाक करत होतो.' त्यानं खांदे उडवले. त्याले खरंच समजत नव्हतं, हे पाहून माह्या अंगाची लाही लाही झाली. साऱ्याईले माहीत! पाच-सहा माणसाईले माहीत होतं, अन् जिनं भाजी केली तिले सांगावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाई. चार वर्षं तिच्या हाताले लोकं भेले अन् हे पांढरे पँटवाले मजाक करत राह्यले. मी त्याले काय काय म्हणली ते इथी सांगत नाई. जाफरनं मले दंडाले धरून ओढत नेलं, अन् वायर मात्र जोडली नाई, हे त्याचं त्यातल्या त्यात बरं.

भन्तेजीची जीप गेली. मांडवात पंगत उठली होती. मी मांडवामांगं गेली तं भागीरथा चुलीजवळ बसली होती. चिकटलेलं पयलं ताट तिच्या मांडीवर होतं, अन् ती त्यातल्या फिती एक एक करून सोडवत होती. मी बाजूले बसली अन् त्याच ताटात हात घातला. थंड झाल्या होत्या, तरी चव तीच. आमी दोघी खात राह्यलो. मले वाटे ती आता आदेशले शिव्या देईन, कपाळ बडवीन, पाहुण्याचा उद्धार करीन. मी तं तयारच होती साथ द्याले.

तिनं घास गिळला. आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

'खैरुन,' ती म्हणली, 'म्हणजे माह्या हातानं नव्हतं झालं वो ते.'

'नाई वो बाई,' मी म्हणली. 'नव्हतं झालं.'

तवा कुठी ती रडली.